उपाशी ओळ

सुरुवातीलाच क्षमा मागतो. छापून यावं असं काही लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मला अजूनही वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील एडवणला दुसऱ्याच्या वाडीत शिंपणं करायचे. घरात कागद म्हणून दोनच होते, एक रेशनकार्ड आणि दुसरी माझी दहावीची गुणपत्रिका, जी आईने देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली होती. लिहायला बसलो की आजही मला वाटतं, कुणीतरी मागून वाकून बघतंय आणि आता विचारणार आहे, हे तुला कुणी सांगितलं?

तरी लिहितोय, कारण एका तक्त्यातला एक रकाना मी खोटा भरला होता. तक्ता कडुनिंबाच्या रोपांचा होता. त्या रकान्यावर विसंबून एका गावाने आपल्या माळावर झाडं लावली. ते खोटं मी चोरीसाठी केलं नव्हतं, भीतीपोटी केलं होतं. पण त्यामुळे झाडांना काही फरक पडला नाही. माझ्या सरांना मी हे आधी पत्राने कळवलं. उत्तराला पोस्टकार्ड आलं, त्यावर एवढंच होतं: "लिहून काढ. गाळू नकोस." म्हणून गाळत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्गाला होतो. राहायला सालवडला, मामाच्या खोलीत. मामा आणि त्याच्याबरोबरचे तिघे कामगार पाळीवर जायचे, त्यामुळे खोलीत कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. मी दबक्या पावलांनी ये-जा करायचो. ते मला 'झाडांचा डॉक्टर' म्हणायचे.

सरांचं गाव घाटावर, कोरड्या मुलखातलं. गावामागे उघडा माळ. त्या माळावर गावकऱ्यांनी दोनदा झाडं लावली होती, बायकांनी डोक्यावरून पाणी नेलं होतं, आणि दोन्ही वेळा पहिल्याच उन्हाळ्यात सगळं जळून गेलं होतं. सरांच्या मनात असं होतं, की रोपाला लहानपणी नत्र, म्हणजे साध्या भाषेत युरिया, नेमका किती दिला तर ते पहिला उन्हाळा काढतं, हे एकदा नीट मोजावं. मला प्रयोगशाळेत थांबवून ते म्हणाले, "अंदाजाने सांगणारे पुष्कळ भेटतात. मोजून सांगणारा कुणी भेटत नाही. तू मोजशील?"

तोपर्यंत मला कुणी 'करशील का' असं विचारलं नव्हतं. 'कर' असंच सांगितलं होतं. मी हो म्हणालो, आणि त्या दिवशी बोईसरच्या एसटीत बसायला जागा असूनही उभाच राहिलो.

जागा कुंभवलीच्या मागे होती. कारखान्यांच्या वसाहतीचं कुंपण संपलं की मुरमाचा एक उघडा उतार लागायचा. आमच्याकडे पाऊस काही कमी नाही, पण त्या मुरमात तो थांबायचाच नाही. दसरा उलटला की तो उतार कुठल्याही कोरड्या मुलखासारखा व्हायचा. गवत पिवळं, मग पांढरं, मग नाहीसं. एका अंगाला ओहोळ होता, पावसाळ्यानंतर कोरडा, करवंदाच्या जाळ्यांनी भरलेला. ओहोळापलीकडे सात-आठ झोपड्यांचा पाडा. दुसऱ्या अंगाला वसाहत. तिथून सतत एक घरघर यायची, आणि दिवसातून ठरल्या वेळी भोंगा वाजायचा.

त्या उतारावर पक्षी नव्हते. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. काहीतरी कमी आहे एवढं कळलं. काय कमी आहे ते समजायला आठवडा लागला.

आषाढात आम्ही रोपं लावली. उताराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चार ओळी, प्रत्येक ओळीत चाळीस. पहिल्या ओळीला औषधाच्या बाटलीची चार झाकणं युरिया, दुसरीला दोन, तिसरीला एक. चौथीला काही नाही. ही चौथी ओळ ओहोळाच्या कडेला होती, आणि तिच्या वरच्या टोकाला एक सपाट दगड होता. त्यावर बसून मी वहीत लिहायचो. दर पंधरा दिवसांनी उंची, पानांचा रंग आणि खोडाची जाडी. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा होता. पौषापर्यंत पाणी घालायचं, मग बंद करायचं, आणि मेअखेरीस प्रत्येक ओळीत किती रोपं जिवंत आहेत ते मोजायचं. "बाकीचं सगळं त्या एका रकान्यासाठी," सर म्हणाले होते.

पाणी घालायला पाड्यावरची एक बाई येत असे. चाळिशीच्या आतली, काटक, हसरी. मी तिला बाय म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची, कारण माझ्याजवळ वही होती.

"मास्तर, हजेरी घेतली का झाडांची?"

"घेतली."

"कोनी गैरहजर नाय ना? का पलून गेला एखादा?"

पहिला युरिया घातला त्या दिवशी ती मागे मागे चालत होती. चौथ्या ओळीशी मी थांबलो नाही, तेव्हा ती थांबली.

"या वळीला?"

"हिला काही नाही."

"काय नाय म्हंजे?"

"नुसतं पाणी घालायचं."

"का? काय केलान् तिनी?"

मी सरांचं वाक्य तिला म्हणून दाखवलं. एक ओळ उपाशी राहिली, तरच बाकीच्यांना दिलेलं अंगी लागलं की नाही ते कळतं. वर्गात ते वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. उघड्यावर बोललो तर कानाला बरं वाटलं नाही.

ती हसली. "तुजी आईस घरात असाच वाढते काय? एक पोर उपाशी बसवते नि दुसऱ्याला जोखते?"

"झाडं आहेत ती, बाय."

"मी पन झाडांचाच बोलते. तुला कोन बोलतो?"

पाड्याच्या तोंडाशी तिचा सासरा बसलेला असे. तो आंधळा होता. मी कधीही गेलो तरी तो त्याच ओट्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, काठी मांडीवर आडवी. मी पाड्यावर माठातलं पाणी प्यायला गेलो की पावलांच्या आवाजावरून तो मला ओळखायचा. माझ्या डब्याचं झाकण सैल होतं, चालताना वाजायचं. "आला मास्तर," म्हणायचा. एकदा त्याने विचारलं, "त्या उपाशी वळीत किती हायत रे?"

"चाळीस, आजा."

"मोजलीस?"

"मोजली ना. रोजच मोजतो."

"नीट मोज," तो म्हणाला. "एक जास्ती हाय."

म्हातारा माणूस, काहीतरी बोलतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पण त्या दिवशी परत जाऊन मी ओळ मोजली. चाळीसच होती.

गणपती होऊन गेले तोवर ओळींमधला फरक लांबून दिसू लागला. चार झाकणांची ओळ इतकी हिरवी झाली की बघवत नव्हती. काळपट, तेलकट हिरवा रंग. संध्याकाळी ऊन उतरलं की ती पानं निळी दिसायची. उंचीही भलतीच. एवढाल्या शेंड्यांना खोड पेलवत नव्हतं, वारा नसतानाही ते किंचित हलत राहायचे, जसा झोपेत कुणी पाय हलवतो. मला त्या ओळीला हात लावायला आवडेनासं झालं. पण वहीत आकडे सुंदर येत होते.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांना मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोराला मागण्याआधीच तोंडात घातलंत तर ते चालायला कशाला शिकेल? रोपाला थोडी भूक पायजे. मग ते खाली शोधत जातं." वडिलांचं वाक्य वहीत लिहिण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही. सरांचं मी लिहून ठेवलं होतं.

उपाशी ओळ अपेक्षेप्रमाणे होती. फिकट, बुटकी, खालची पानं पिवळी. आणि मग भाद्रपदाच्या शेवटी एका दिवशी ओळीच्या पायथ्याचं पहिलं रोप मला हिरवं दिसलं.

काळपट नव्हे. चांगलं, निरोगी हिरवं. दोन दिवसांनी दुसरं. मग तिसरं. मधलं एकही सुटत नव्हतं. पायथ्यापासून, एकेक करत, क्रमाने. आधी मला वाटलं आमची चूक झाली, झाकण घालताना हात चुकला. पण चुकीला असा क्रम नसतो. मग वाटलं, वसाहतीच्या हवेतून काही येत असेल. पण वारा दुसऱ्या बाजूचा होता, आणि हवा एकेका रोपाशी थांबत नाही. ओळीत कुणीतरी चालत होतं. पायथ्याकडून निघालं होतं आणि माथ्याकडे येत होतं, जिथे मी बसायचो.

हिरव्या झालेल्या प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी पळसाचं एक पान मुरमावर पसरलेलं असे. वर दगड ठेवलेला, पान उडू नये म्हणून. पान उचललं की खाली मुरूम ओला, आणि आंबूस वास.

दुपारी बाराचा भोंगा झाला की मी डबा घेऊन वसाहतीच्या फाटकाशी जायचो. तिथे नळ होता आणि पहारेकऱ्याच्या चौकीची सावली. जेवून परत येईतो अर्धा-पाऊण तास जाई. पळसाचं पान बदललेलं दिसायचं ते नेहमी त्यानंतरच. सकाळी सुकलेलं, दुपारी ताजं. भर उन्हात, उघड्या उतारावर, जिथे कुत्रं चाललं तरी लांबून दिसावं.

पहारेकरी हिंदी मुलखातला होता. एकदा म्हणाला, "बाबू, बारह बजे उधर अकेले मत बैठा करो." मी विचारलं, का? तर तो नळ बंद करून आत गेला. आईही लहानपणापासून हेच सांगायची, भर बाराला उघड्या माळावर थांबू नये. मी विज्ञान शिकणारा मुलगा होतो. तरी त्या दिवसापासून मी डबा खाताना पाठ भिंतीला लावून बसू लागलो.

दिवाळीच्या आधी एकदा भोंगा झाल्यावर मी फाटकाकडे निघालो आणि वहीत पेन्सिल राहिली म्हणून अर्ध्यातून परतलो. बाय सतराव्या रोपाशी उकिडवी बसली होती. समोर पळसाचं ताजं पान. हातात डेचकी. ती त्यातलं पातळसर काहीतरी पानाच्या कडेने ओतत होती. सांडू नये म्हणून डाव्या हाताची ओंजळ खाली धरून, जशी पंगतीत वाढणारी बाई धरते.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. माणूसच होतं. मग राग आला.

"काय घालतेस हे?"

ती दचकली नाही. "पेज हाय. आनी लेंड्या भिजवलेला पानी."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? एका वळीत बसवलास ना तू त्यांना? मंग तिघांना वाढायचा नि चवथ्यापुढून रिकामा हात न्यायचा, असा आमच्यात नाय करत. पाप लागते. वाढनाऱ्याला लागते, तुला नाय. पानी तर मी घालते ना."

"अगं, माझा सगळा प्रयोग बुडेल! सर मला काय म्हणतील?"

"तुज्या सराला सांग, बाय वेडी हाय."

मी तिच्या हातापाया पडायचा बाकी राहिलो. सांगितलं, की मी पहिला आहे आमच्यात शिकणारा, हे बिघडलं तर मला पुन्हा कुणी काही सोपवणार नाही. खरं म्हणजे तिथे मी घाटावरच्या गावाबद्दल बोलायला हवं होतं, त्या माळाबद्दल. मी स्वतःबद्दल बोललो. ते ऐकून मात्र ती उठली. डेचकी पदराखाली घेतली.

"बरा," ती म्हणाली. "आता मी नाय घालनार. शपत."

सरांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तो प्रयोग पुढच्या वर्षी पुन्हा झाला असता, इतकंच. पण सर बाईला कामावरून काढतील असं मी मनाला सांगितलं, आणि स्वतःला दयाळू समजून गप्प राहिलो.

दिवाळी झाली आणि पाडा रिकामा झाला. दरवर्षी व्हायचा. धडधाकट माणसं, पोरंबाळं, कोंबड्यासुद्धा टोपलीत घालून भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, ती थेट पावसाच्या तोंडावर परत यायची. बायही गेली. जाताना म्हणाली, "मास्तर, वळीत बसतोस तर जेवत पन जा नीट. सुकलास." मागे राहिले ते दोन-तीन म्हातारे, ज्यांना नेऊन उपयोग नव्हता. पाणी घालायचं काम आता माझ्याकडेच आलं.

चौथ्या दिवशी अठराव्या रोपाशी पळसाचं पान होतं.

मी पान उचललं. खाली ओलं. तोच आंबूस वास. आणि एक नवीन गोष्ट होती, जी बायच्या वेळी नव्हती. खोडापासून वीतभर अंतरावर मुरमात एक गोल छिद्र. बोट जाईल एवढं. सतराव्याला, सोळाव्याला, पार पायथ्यापर्यंत प्रत्येक रोपाजवळ आता तसं एकेक छिद्र पडलेलं होतं. कुणीतरी टोचून टोचून मोजत वर आल्यासारखं.

मी पाड्यावर गेलो. झोपड्यांची दारं काटक्यांनी लावलेली. आंधळा म्हातारा ओट्यावर होता.

"आजा, बाय परत आली का?"

"ती कशी येईल? पावसाला येईल."

"मग माळावर कोण येतं?"

"मला इचारतोस?" तो हसला, त्याला दोनच दात होते. "मला काय दिसते?"

एकोणिसावं. विसावं. एकेका रोपाशी चार-पाच दिवस, मग पुढचं. मी पाळत ठेवायचं ठरवलं. एक दिवस भोंगा झाला तरी गेलो नाही. माथ्याजवळच्या खडकाआड डबा पोटाशी धरून पडून राहिलो. ऊन कवटीत शिरत होतं. उतार समोर पसरलेला, चार ओळी, एक हालचाल नाही. वसाहतीची घरघर मध्येच थांबली, बहुधा वीज गेली असावी, आणि मग जी शांतता पडली ती मी त्यानंतर कधी ऐकलेली नाही. त्या शांततेत मला ओहोळात, करवंदाच्या जाळीमागे, कुणीतरी श्वास धरून बसलंय असं वाटलं. ते माझी वाट बघत होतं, जशी मी त्याची. किती वेळ गेला कळलं नाही. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे फाटकाशी गेलो. परतलो तर त्याच रोपाशी दोन पानं होती, एकावर एक. कालचं राहिलेलं भरून काढल्यासारखं.

त्यानंतर मी पाळत ठेवली नाही. सरांना तर काहीच सांगितलं नाही. ते महिन्या-दोन महिन्यांनी वही बघायचे, येणं त्यांना जमत नव्हतं, पाठीचं दुखणं होतं. मी उपाशी ओळीचे आकडे आता ओळ बघून लिहीत नव्हतो. जसे असायला हवेत तसे लिहीत होतो. फिकट. खुंटलेली. सर वही मिटून म्हणायचे, "छान. अगदी स्वच्छ येतंय."

पौषानंतर पाणी बंद केलं. माघात वरच्या पानांच्या कडा करपू लागल्या, चार झाकणांच्या ओळीत सगळ्यांत आधी. उपाशी ओळ तशीच होती. प्रत्येकाच्या पायाशी एक पान, पानावर दगड. पस्तिसावं, सदतिसावं, एकोणचाळिसावं. त्यापुढचं चाळिसावं. त्यापुढे माझा दगड.

चाळिसाव्या रोपाला पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी, फाल्गुनातली दुपार होती, मी फाटकाशी जेवण न करताच नुसता बसून आलो, कारण घास उतरत नव्हता. परत आलो. चाळिसाव्याचं पान सुकलेलं होतं. ताजं पान पुढे होतं. माझ्या दगडासमोर, मी पाय ठेवतो तिथे, पळसाचं एक स्वच्छ पान पसरलेलं, देठ नीट डावीकडे केलेला. त्यावर द्रोण, द्रोणात पेज, पेजेवर मिठाचा खडा. बाजूला मुरमात एक गोल छिद्र.

पेज अजून कोमट होती. मी हात लावून पाहिला, म्हणून माहीत आहे.

मी पळालो. वही घेतली, डबा तिथेच राहिला. त्या उतारावर मी पुन्हा कधी गेलो नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा दिली आणि एडवणला घरी गेलो. मे उजाडला. शेवटचा रकाना मोजायला जायचं होतं. दोनदा बोईसरपर्यंत गेलो. स्टँडवरून उताराची दिशा दिसली की पाय मागे यायचे. मेच्या शेवटी एके सकाळी घराच्या पडवीत बसून मी तो रकाना भरला. चार झाकणांच्या ओळीत जवळजवळ सगळी जिवंत, कारण ती सगळ्यांत उंच होती. दोन झाकणांच्या ओळीत त्याहून थोडी कमी. उपाशी ओळीत फक्त तीन. अक्षर चांगलं काढलं. वडील वाडीतून आले, म्हणाले, "संपलं का तुझं?" मी म्हणालो, संपलं.

सरांनी घाटावर रोपवाटिका केली. प्रत्येक रोपाला चार झाकणं. पुढच्या पावसात गावाने माळावर झाडं लावली. मला तिकडून एक फोटोही आला होता. बायका ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या हातात रोप, काळपट, उंच, मान किंचित कललेली. मी तो फोटो फार वेळ बघू शकलो नाही.

त्याच्या पुढच्या जूनमध्ये पोस्टकार्ड आलं. तोवर मी शाळेत शिकवायला लागलो होतो. सरांनी लिहिलं होतं: "माळावर एकही रोप राहिलं नाही. उपटून पाहिली. वर दोन-अडीच फूट शेंडा आणि खाली मूठभर मुळं. पाणी शोधायला ती खाली गेलीच नाहीत. तुझ्या तक्त्यात काही राहून गेलं होतं का, आठवून कळव."

मी उत्तर पाठवलं: "नाही."

मग वर्षं गेली. वर्गात मी मुलांना मुळाची कार्यं शिकवायचो आणि फळ्याकडे तोंड करायचो.

नव्वद उलटल्यानंतरची गोष्ट. बोईसर स्टेशनाबाहेर एक बाई करवंदं विकत बसली होती. मी पुढे गेलो, तर मागून हाक आली.

"मास्तर! हजेरी घेतली का?"

ती बाय होती. केस पिकले होते, हसणं तेच. तिने द्रोण भरून करवंदं माझ्या हातात दिली. मी विचारलं, त्या उतारावर आता काय आहे?

"काय असनार? तुजी वळ हाय."

"कुठली?"

"उपाशी. बाकीच्या तिनी त्याच उन्हाल्यात गेल्या, जून लागायच्या आदीच. आमी भट्टीवरून आलो तर नुसत्या काठ्या. ती एक वळ उभी. आता तिची सावली हाय, पोरं खेलतात. चालीसच्या चालीस हायत."

मी म्हणालो, "बाय, तू शपथ घेतली होतीस."

"मंग? मी घातला काय? मी भट्टीवर होती." ती खुदकन हसली. "जाताना सासऱ्याला सांगून गेली, सतरा जेवली, फुडचा तुज्याकडं. अर्ध्यात पंगत सोडत नाय. भोंगा वाजला, तुजा डबा खडखड करत खाली गेला, का तो ओहोलातून यायचा. दिसत नवता ना त्याला, म्हनून काठी टोचून मोजायचा. खाल्लेली कोनची, राहिलेली कोनची. एक दिस डबा वाजला नाय, तर जालीत बसून राहिला बिचारा, पेज मांडीवर घेऊन."

मी करवंदांकडे बघत होतो.

"तो गेला आता. लई वर्सं झाली. पन मी आली तवापासून मला इचारायचा. चालीस मी जेवघातली, म्हनायचा. एकेचालीसावा वळीच्या टोकाला बसायचा, त्याचा पन पान मांडला, मीठ पन घातला. तो उठून पलाला. मास्तर उपाशीच गेला काय गो?"